पट्टीचे पोहणारे

मला पोहता येतं, हे आधीच सांगून टाकतो. पवनारला धाम नदीच्या काठावर आमचं घर होतं आणि शाळा सुटली की दप्तर खडकावर फेकून आम्ही पोरं डोहात उड्या टाकायचो. बाराव्या वर्षी मी चढत्या पाण्यात या काठावरून त्या काठाला गेलो होतो. घरी कळलं तेव्हा वडिलांनी तुराटी मोडेपर्यंत झोडपलं, आणि नंतर शेजाऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की पोरगा मासोळी आहे. पुढे जे झालं त्यात हे पोहणं मधेमधे येणार आहे, आणि दर वेळी मला मान खाली घालायला लावणार आहे. म्हणून ते मागून हळूच सांगण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

नोकरी लागली ती जिल्ह्यातल्याच एका तहसील कार्यालयात. कोणत्या, ते सांगत नाही; तिथली बरीचशी माणसं अजून हयात आहेत आणि दोष त्यांचा नाही. सिंदी मेघेला दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, तिथून रोज एसटीने जाणं-येणं. आधी आवक-जावक सांभाळली, मग रेशनकार्डं, आणि कारकुनीत थोडा मुरल्यावर माझ्याकडे जे टेबल आलं त्यावर पाटी होती ‘नैसर्गिक आपत्ती’. हे टेबल कोणालाच नको असायचं. आठ महिने त्यावर माश्या बसायच्या आणि चार महिने वरिष्ठ. पावसाळ्यात सकाळी आठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, जिल्ह्याला फोन करून सांगायचं, आणि दिवसभर फोनपासून हलायचं नाही. ज्या खोलीत हा फोन होता तिला आम्ही पूर नियंत्रण कक्ष म्हणत असू. त्या कक्षात एक खाट होती, एक कंदील होता आणि छत गळत होतं.

मराठवाड्यातल्या भूकंपानंतर सरकारला जाग आली आणि प्रत्येक तालुक्याने आपत्तीचा आराखडा करावा असा कागद आला. कागदासोबत नमुने होते. नदीकाठच्या गावांची यादी, उंचावरच्या शाळांची यादी, दोरखंड-कंदील-कुदळ-फावड्यांची यादी. आणि एक नमुना होता ‘गावनिहाय पट्टीचे पोहणारे’. रकाने चार: अनुक्रमांक, नाव, वय, पोहण्यातील प्रावीण्य.

बाकीच्या याद्या जमल्या. पोहणाऱ्यांची मात्र तलाठ्यांकडून येता येईना. त्यांना दोनदा लिहिलं, एकदा निरोप धाडला. नदीकाठची गावं सोळा, आणि आली फक्त पाचांची नावं. जिल्ह्याच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब म्हणजे आमचे तहसीलदार. माणूस वाईट नव्हता, पण बैठकीला फार भ्यायचा. रकाने कोरे दिसले तर आपल्याला सगळ्यांसमोर उभं करतील, असं ते म्हणाले. मी म्हणालो, काळजी करू नका, संध्याकाळपर्यंत करतो.

आणि केलं. मतदार याद्या काढल्या, नदीकाठच्या अकरा गावांच्या. आडनावं पाहत गेलो. जिथे ढिवराचं आडनाव दिसलं तिथे पंचेचाळीसच्या आतला पुरुष धरला आणि यादीत घातला. मासे धरणारी जात, तेव्हा पोहणं रक्तातच असणार, असा माझा हिशोब. प्रावीण्याच्या रकान्यात कुठे ‘उत्तम’ लिहिलं, कुठे ‘चांगले’. सगळीकडे उत्तम लिहिलं तर संशय येईल म्हणून. कुणब्याच्या घरात जन्मून मी स्वतः मासोळीसारखा पोहायचो, तरी पोहणं जातीवर नसतं हे त्या दुपारी माझ्या डोक्यात आलं नाही. बाजूच्या टेबलावरच्यांनी काय चाललंय म्हणून विचारलं. सांगितलं तर ते म्हणाले, वा, चांगली युक्ती आहे. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत आमच्या तालुक्याचं नाव निघालं. बाकीच्यांनी आमच्यासारखी यादी करावी असं सांगण्यात आलं. साहेबांनी परत येताना जीपमधून मला सिंदी मेघेच्या फाट्यावर सोडलं, ते पहिल्यांदाच.

मग दर मे महिन्यात मी मुखपृष्ठावरचं साल बदलायचो आणि यादी तीच जायची. वयं वाढवायची राहून गेली. चार-पाच वर्षं आमचे सगळे पोहणारे जसेच्या तसे तरुण राहिले. एका वर्षी वरच्या कोणाच्या तरी ते लक्षात आलं, तेव्हा मी एका दुपारी सगळ्यांना पाच-पाच वर्षांनी म्हातारं केलं. ऑफिसात यावर खूप हसलो आम्ही. तोपर्यंत स्टेन्सिल जाऊन कॉम्प्युटर आला होता आणि आराखडा स्पायरल बाइंडिंगमध्ये फार छान दिसायला लागला होता.

दोन हजार सालानंतरच्या एका ऑगस्टात सलग दोन दिवस पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या एका गावातून निरोप आला की नाला आणि नदी एक झाली आहे आणि मधल्या शेतात माणसं अडकली आहेत. शेत वर्ध्यातल्या एका कापडवाल्या कुटुंबाचं. तिथे त्यांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतातच राहणारा गडी, त्याची बायको आणि तिची म्हातारी आई राहत. तिघं गुरांच्या कोठ्याच्या टिनांवर चढून बसली होती. बैल सोडून दिले होते.

आमच्याकडे दोरखंड होते, कंदील होते, बोट नव्हती. जिल्ह्याने राज्याकडे मागणी केली आणि नागपूरकडून एक पथक निघालं. असं पथक आमच्या तालुक्यात त्याआधी कधी आलं नव्हतं. साहेब मला जीपमध्ये घालून गावाकडे निघाले. आराखडा मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरला होता.

दहाच्या सुमारास पथक पोचलं. दहा-बारा माणसं, दोन रबरी बोटी, दोर, नारिंगी जॅकेटं. पथकाचे प्रमुख कृष्णाकाठचे होते, बोलण्यावरून लगेच कळायचं. शिडशिडीत, पन्नाशीकडे झुकलेले. ते आल्यावर आम्हाला वाटलं, आता हे हुकूम देतील आणि आपण बाजूला उभं राहायचं. सरपंचांनी शाळेत पोहे करायला सांगितले होते, तिकडे चला असा आग्रह सुरू झाला. त्या गृहस्थांनी पोह्यांना हात जोडले आणि साहेबांना म्हणाले, “आम्ही तुमच्या मदतीला आलोय, तुमच्या जागी नाही. बोट आमची आहे, पाणी तुमचं आहे. या पाण्याखाली काय आहे ते आम्हाला दिसत नाही. ज्याला ते माहीत आहे असा एक माणूस द्या.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी सोडून आराखडा पुढे केला. प्रमुखांनी पानं उलटली आणि थांबले. गावनिहाय पोहणारे, वयासकट, प्रावीण्यासकट. म्हणाले, इतकी नीट यादी त्यांनी फार कमी ठिकाणी पाहिली आहे. कोणी केली? साहेब म्हणाले, आमच्या यांनी. माझी छाती फुगली. खोटं कशाला सांगू, त्या पावसात, टिनांवर तीन जीव बसलेले दिसत असताना, माझी छाती फुगली.

मग त्यांनी त्या गावाच्या नावावर बोट ठेवलं. सहा नावं होती. कोतवालाला पिटाळलं. तो पंधरा मिनिटांत परत आला आणि माझ्या कानाशी लागून सांगू लागला. एकजण दोन वर्षांपूर्वी वारला. दोघं बुटीबोरीला कंपनीत. एक अर्धांगवायूने पडून. एक सासुरवाडीत राहायला गेला, तो परत आलाच नाही. मी मोठ्याने एवढंच म्हणालो की बाकीचे कामानिमित्त बाहेरगावी आहेत, एक आहे, येतोय.

जो आला तो शिंपीकाम करणारा होता. पस्तिशीचा, बारीक बांध्याचा. शाळेत लोकांना हलवलं होतं तिथे तो आपली शिलाई मशीन डोक्यावरून नेऊन ठेवत होता, तिथूनच कोतवालाने त्याला उचलून आणलं. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. ढिवराच्या घरचा, पण त्याच्या घरात मासे धरणं कधीच सुटलं होतं. गावचं तळं दुसऱ्या गावच्या मच्छीमार सोसायटीकडे गेलेलं. तो नागपूरला मावशीकडे राहून शिवणकाम शिकला होता आणि गावातल्या शाळेचे सगळे गणवेश तोच शिवायचा. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त त्याचं नाव माहीत होतं, माझ्याच अक्षरातलं.

प्रमुखांनी त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, हे शेत माहीत आहे का? तो म्हणाला, पाह्यलं हाये. मग विचारलं, पोहता येतं ना?

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी यादी हातात धरून उभा होतो. त्याच्या तोंडावर जे होतं ते भीतीही नव्हती, गोंधळ होता. आपल्याविषयी सरकारला काहीतरी माहीत आहे आणि आपल्यालाच ते माहीत नाही, असा. तो म्हणाला, “कागदात काय लिवलं हाये जी?”

दुसऱ्या कोणी हे ऐकून तिथेच ओळखलं असतं. प्रमुखही बहुतेक ओळखायच्या बेतात होते, कारण त्यांच्या कपाळावर आठी पडली. मी मधे पडलो.

“येतं त्याला साहेब,” मी म्हणालो. “उत्तम येतं.”

त्या चार-पाच शब्दांवर मी आजवर किती वेळा परत गेलो आहे, ते मलाच माहीत. कोणी मला विचारलं नव्हतं. प्रश्न त्याला होता. पण यादी खोटी ठरली असती तर साहेबांसमोर, सरपंचांसमोर आणि नुकतंच कौतुक केलेल्या त्या परक्या माणसासमोर माझी फजिती झाली असती. ती वाचवायला मी एका माणसाला पाण्यावर पाठवलं.

बरं, हे शेत मला माहीत नव्हतं असंही नाही. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गारपीट झाली होती तेव्हा पंचनाम्याला मी या शेतात दोन दिवस फिरलो होतो. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरांपायी मालकाने तीन बाजूंनी सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढली होती, सहा पदरी. मधे एक विहीर होती, बिनकठड्याची. आणि गावाकडून कोठ्यापर्यंत जुनी पांदण जात होती, दोन्ही बाजूंना बाभळी, मधून बैलगाडीची वाट, तार नाही, विहीर नाही. मी त्या पांदणीने चालत गेलो होतो आणि चालत आलो होतो. त्या दिवशी बाभळींचे शेंडे पाण्यावर दोन रांगांत दिसत होते. म्हणजे प्रमुखांना हवा असलेला माणूस त्यांच्या समोर उभा होता. पोहता येणारा, शेत माहीत असलेला. त्याने नवी टेरिकॉटची पँट घातली होती आणि त्याला पाण्याची भीती वाटत होती.

हो, भीती. धामच्या डोहात उड्या मारणाऱ्या मासोळीला. ते पाणी वेगळं होतं, गढूळ, वेगाचं, त्यातून कापसाच्या पऱ्हाट्या आणि मेलेली जनावरं वाहत होती. मी मनाशी म्हणालो की आपल्याला दर तासाला जिल्ह्याला अहवाल द्यायचा आहे, जागा सोडता येणार नाही. ही सबब इतकी तयार होती की मला ती सबब वाटलीच नाही.

शिंप्याला जॅकेट चढवलं. पथकातल्या एकाने पट्टे आवळले तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले, मापं घेताना गिऱ्हाइकाला करायला लावायचा तसे. मोजपट्टी काढून त्याने कोतवालाकडे दिली. मग तो बोटीत जाऊन मधोमध बसला आणि दोन्ही बाजूंच्या दोरांना त्याने घट्ट धरलं. प्रमुख स्वतः त्या बोटीत गेले. गर्दी पाण्याशी येत होती म्हणून साहेबांनी पोलिसाच्या हातातला भोंगा माझ्याकडे दिला आणि लोकांना मागे सारायला सांगितलं.

बोट सुटली. पाच-पन्नास हात गेली असेल नसेल तोच त्याची बायको शाळेकडून धावत आली. बोटीत कोण आहे, कोण आहे, असं ती विचारत होती. कोणीतरी नाव सांगितलं. ती थेट माझ्याजवळ आली, कारण कागद माझ्या हातात होता. ती ओरडली नाही. दम लागला होता तिला.

“त्यायले पोहता येत नाई जी,” ती म्हणाली. “त्यायचा बाप तळ्यात बुडून मेला. माझ्या सासूनं यायले कधी घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देलं नाई.”

भोंगा माझ्या हातात होता. बोट इतकी जवळ होती की इंजिनाच्या आवाजातही हाक पोचली असती. नुसतं परत या म्हणायचं होतं. कारण सांगायचीही गरज नव्हती. मी तिला म्हणालो, “काही होत नाही बाई, सरकारी जॅकेट आहे. त्यात माणूस बुडत नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. आणि ती पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

बोटीतून प्रमुख त्याला विचारत असणार, इकडून की तिकडून. आम्हाला काठावरून त्याचा हात दिसला, पुढे केलेला. तो बिचारा सरळ कोठ्याकडे दाखवत होता. ज्याला वाट माहीत नसते तो सरळच दाखवतो. सरळ म्हणजे तारेवरून. बोट एकदम थबकली, एका अंगाला झुकली आणि इंजिन बंद पडलं. पंख्यात तार गुंतली होती आणि एका बाजूची हवा जात होती. धक्क्याने तो बाहेर फेकला गेला. जॅकेट होतं म्हणून वर राहिला, पण तोंड पाण्याकडे गेलं आणि त्याला ते वळवता येईना. पोहता येणाऱ्याला हे कळणार नाही. नारिंगी जॅकेट तरंगत होतं आणि त्यातला माणूस बुडत होता. काठावरच्या बायांनी टाहो फोडला. त्याची बायको पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती.

पथकातल्या दोघांनी उड्या टाकल्या. प्रमुखांनी हाताने तार वर उचलून धरली. दुसरी बोट काठाकाठाने गेली, दोर फेकला, आणि बऱ्याच वेळाने दोन्ही बोटी परत आल्या. त्याला उताणं टाकून, कुशीवर करून पाणी काढलं. तो ओकला, मग थंडीने कुडकुडायला लागला. जिवंत होता. प्रमुखांच्या तळव्यातून रक्त गळत होतं. ते चिंधी बांधत माझ्याकडे आले आणि त्यांनी शांतपणे विचारलं की ही यादी कशी केली.

“खालून आली,” मी म्हणालो.

आमच्या खात्यात हे उत्तर नेहमी चालतं. ते विचारू लागले, खालून म्हणजे कुठून? मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी पाण्याकडे. प्रमुखांनी माझ्या हातातला आराखडा मिटला आणि ते गर्दीकडे वळले. म्हणाले, पोहता येवो न येवो, या शेतात रोज काम करायला कोण जातं? एक म्हातारी पुढे आली, निंदणाला जाणारी. तिने काठावर उभ्या उभ्या, कोरडी, बोटाने दाखवलं: तो कडूनिंब, तिथून डाव्या हाताले बाभळीच्या मधातून पांदण हाये, थेट कोठ्यापाशी जाते. दुसरी बोट बाभळींच्या दोन रांगांमधून गेली आणि पाऊण तासात तिघांना घेऊन आली. सालदाराच्या सासूच्या कडेवर एक शेळीचं करडू होतं, ते ती कोणाला घेऊ देईना.

म्हणजे पाण्यात उतरण्याचीही गरज नव्हती. मी तेवढंच बोट केलं असतं, भ्यालेला, नवी पँट घातलेला, तिथेच उभा राहून, तरी पुरलं असतं. भीतीचं मी एक वेळ समजू शकतो. पण मी जे लपवलं ते भीतीपायी नाही, कागदापायी.

स्वातंत्र्यदिनाला तहसील कार्यालयात त्याचा सत्कार झाला. ही कल्पना साहेबांची. प्रकरण गोड करून टाकावं, एवढीच. प्रशस्तिपत्राचा मजकूर मी लिहिला. ‘पट्टीचे पोहणारे म्हणून पूरग्रस्तांच्या सुटकेसाठी प्राणाची पर्वा न करता’ वगैरे. तो आला, धुतलेला पांढरा शर्ट घालून, शाल-नारळ घेऊन कोपऱ्यात बसला. गावचे चार लोक होते, ते एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. ढिवराचा पोट्टा अन् पाण्याले भेला, हे गावभर झालं होतं. पोरं त्याच्या ओट्यासमोरून जाताना नाक दाबून बुडाल्याचं सोंग करायची.

त्याच्या पुढच्या मे महिन्यात मी यादी उघडली. त्याच्या नावावर रेघ मारायची होती. पण नाव काढलं तर संख्या का कमी झाली ते लिहावं लागलं असतं, आणि ज्याचा सत्कार केला त्याचंच नाव का काढलं हेही. मी ते तसंच ठेवलं. वय मात्र एकाने वाढवलं. मग त्या वर्षी आलेल्या नव्या आदेशाप्रमाणे जूनमध्ये सगळ्या पोहणाऱ्यांना छापील नोटीस गेली, पावसाळ्यात गाव सोडू नये म्हणून. कोतवालाने ती त्याच्या हातात दिली तेव्हा ओट्यावर माणसं बसली होती, आणि ती पोट धरून हसली, असं कोतवालाने मला हसत हसत सांगितलं. त्या दिवाळीनंतर तो गाव सोडून गेला. कुठे, ते मी विचारलं नाही.

पाच-सहा वर्षांनी, माझी बदली झाल्यावर, एका नातेवाइकाकडे सिंदी रेल्वे या गावी गेलो होतो. पॅसेंजरमधून उतरताना पँटची शिवण उसवली. बाजारात विचारलं तर एका कापड दुकानाचा ओटा दाखवला गेला. तिथे तो बसला होता. केस पांढरे झाले होते. मी ओळखायच्या आधी त्यानेच ओळखलं आणि उठून उभा राहिला. या साहेब, बसा. मला टॉवेल गुंडाळायला दिला, पँट घेतली, चहा सांगितला. माझ्या मनात आलं की निघून जावं, पण टॉवेल गुंडाळलेला माणूस जाणार कुठे?

बरंच इकडचं तिकडचं बोलून झालं. धंदा बरा आहे म्हणाला, इथे कोणाले काई माईत नाई, म्हणून बरं हाये. मग सुई तशीच धरून तो थांबला.

“साहेब, एक विचारू का?” तो म्हणाला. “त्या दिवशी मी नाई म्हणलो असतो, तर चाललं असतं का जी?”

टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. इतकी वर्षं हा प्रश्न त्याने जपून ठेवला होता, आणि ज्याला विचारावा असा माणूस आज त्याच्या ओट्यावर येऊन बसला होता. खरं उत्तर सोपं होतं. चाललं असतं. तू नुसती मान हलवली असतीस तरी ते पथकाचे साहेब दुसऱ्याला विचारायला गेले असते. पण हे सांगितलं असतं तर गावाचं हसणं, गाव सोडणं, सगळं त्याच्याच एका न बोललेल्या शब्दावर गेलं असतं, आणि माझ्या बोललेल्या शब्दाबद्दल मला सांगावं लागलं असतं.

“नाही,” मी म्हणालो. “कागदावर नाव होतं ना तुमचं. नाही म्हणताच आलं नसतं.”

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. मला ते सहन होईना. मी त्याच्या भल्यासाठी खोटं बोललो की माझ्या, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला हाक मारली. ती काज-बटनं करत बसली होती, तशीच सुई-दोरा घेऊन दारात आली.

“पाह्य, साहेब काय म्हणते,” तो तिला म्हणाला. “नाई म्हणताच येत नोतं. अन् तू मले सात वर्षांपासून म्हणून राह्यली का तोंड होतं तं बोलले काऊन नाई.”

समाधानाने त्याने माझी पँट मशीनखाली घेतली आणि पायडल मारायला सुरुवात केली. ती दारातच उभी राहिली. मला वाटलं, आता ही त्याला सांगेल की आपण काठावर या माणसाला सांगितलं होतं. तिने सांगितलं नाही. इतक्या वर्षांत कधी सांगितलंच नसावं. त्याला आणखी लागेल म्हणून. मशीनचा आवाज चालू होता. ती माझ्याकडे पाहत, मला ऐकू येईल एवढंच बोलली.

“बोट तवा जवळच होती जी.”